शासकीय लाभ योजनांच्या अभिलेखांची मागणी (सातारा व सांगली जिल्हे)

शासकीय लाभ योजनांच्या अभिलेखांची मागणी म्हणजे निराधार अनुदान, निवृत्तिवेतन, शिधावाटप, रोजगार हमी, आपत्तिसाहाय्य व पुनर्वसन यांसारख्या योजना राबविणाऱ्या कार्यालयांकडील कागदपत्रे पाहण्याची किंवा त्यांच्या प्रती मिळविण्याची नागरिकाने केलेली मागणी होय. ही मागणी प्रामुख्याने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये केली जाते. काही योजनांच्या स्वतंत्र कायद्यांतही अभिलेख खुले ठेवण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात सर्व लाभ एकाच यंत्रणेमार्फत दिले जात नाहीत. निराधारांचे अनुदान सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभागाचे असले तरी त्याची कागदपत्रे महसूल विभागाच्या तहसील कार्यालयात तयार होतात. धान्य पुरवठा शाखेकडे, रोजगार हमीची कामे ग्रामपंचायत व तहसीलकडे, तर धरणग्रस्तांचे पुनर्वसन जिल्हाधिकारी कार्यालयातील पुनर्वसन शाखेकडे असते. त्यामुळे हवा असलेला कागद नेमका कोणाच्या ताब्यात आहे, हे ठरविणे ही अर्जाची पहिली आणि बहुधा सर्वांत अवघड पायरी ठरते.

सातारा जिल्ह्यात ११ व सांगली जिल्ह्यात १० तालुके आहेत. पश्चिमेकडील पाटण, जावळी, शिराळा हे तालुके अतिवृष्टीचे व धरणांचे, तर पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ व जत हे अवर्षणाचे आहेत. लाभ योजनांचे जवळजवळ सर्व प्रकार या दोन जिल्ह्यांत एकाच वेळी चालू असलेले दिसतात.

पार्श्वभूमी

लाभ योजना आणि त्यांचे अभिलेख यांचा संबंध या भागात जुना आहे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसराचे. १९६० ते १९७८ या काळात ते विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव भागातील प्रयोगानंतर १९७२ च्या दुष्काळात ही योजना राज्यभर विस्तारली. त्यासंबंधीचा अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम देण्याची हमी या कायद्याने दिली. मात्र कामावर कोण हजर होते, किती खोदले गेले आणि किती मजुरी दिली गेली हे लिहिणारा हजेरीपट व मोजमाप पुस्तिका प्रत्यक्ष मजुराला पाहता येईल, अशी सर्वसाधारण हमी त्या काळी कोणत्याही कायद्यात नव्हती.

ही उणीव चळवळीचा विषय झाली ती राजस्थानात. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून घेतलेल्या जनसुनावण्यांमध्ये हजेरीपटांतील नोंदी गावासमोर वाचल्या जाऊ लागल्या. मृत व स्थलांतरित व्यक्तींच्या नावे दाखविलेली मजुरी त्यातून उघड झाली. म्हणजेच माहितीच्या अधिकाराची भारतातील मागणी पुढे आली ती मजुरीच्या हिशेबातून.

महाराष्ट्राने २००० मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. तो अपुरा ठरल्याने अधिक व्यापक असा महाराष्ट्र माहितीचा अधिकार अधिनियम, २००२ आला. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळावी म्हणून अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईतील आझाद मैदानावर उपोषण केले होते. केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाल्यावर राज्याचा कायदा मागे पडला.

कायदेशीर आधार

लाभ योजनांच्या दृष्टीने केंद्रीय कायद्यातील दोन तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. अर्ज करण्याची कलमे सर्वपरिचित असल्याने या दोहोंकडे अनेकदा दुर्लक्ष होते.

कलम ४(१)(ख) अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. यांतील बारावी बाब अनुदान योजनांच्या अंमलबजावणीची पद्धत, वाटप केलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील ही आहे. लाभार्थ्यांची यादी ही त्यामुळे मुळात प्रसिद्ध करावयाची माहिती ठरते.

दुसरी तरतूद कलम ४(१)(घ) ची. प्रशासकीय किंवा न्यायिकवत् निर्णयाची कारणे त्या निर्णयाने बाधित होणाऱ्या व्यक्तीला कळविणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. ज्याचा अर्ज नामंजूर झाला किंवा ज्याचे अनुदान बंद झाले, त्याला कारण कळण्याचा हक्क या कलमातून मिळतो.

या हक्काला न्यायालयीन निर्णयांनी घातलेली एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. सेल्सा पिंटो प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये असे मत दिले की, एखादी गोष्ट ‘का’ केली किंवा का केली नाही याचे समर्थन मागणे हे ‘माहिती’ या संज्ञेत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात स्पष्ट केले की, अभिलेखात अस्तित्वात असलेली माहितीच द्यावयाची असते. नवी माहिती तयार करून देण्याचे बंधन नाही. म्हणून ‘माझे अनुदान का बंद केले?’ असा प्रश्न विचारणारा अर्ज सहज फेटाळला जातो. त्याच प्रकरणातील चौकशी अहवाल, समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताचा उतारा व अनुदान बंद करण्याच्या आदेशाची प्रत मागितली, तर तो फेटाळण्यास आधार राहत नाही. कारण असते ते याच कागदांत.

निराधार व वृद्धांच्या योजनांचे अभिलेख

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये सुरू झाली. ६५ वर्षांखालील निराधार व्यक्ती, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण व अनाथ मुले अशा घटकांना तिचा लाभ मिळतो. ६५ वर्षे व त्यावरील वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा दीर्घकाळ २१,००० रुपये राहिली आहे. दोन्ही योजनांतील अनुदान जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. उत्पन्नाची मर्यादा इतकी खाली असल्याने पात्रतेचा निर्णय बहुतांशी उत्पन्नाचा दाखला आणि गावपातळीवरील चौकशी या दोन कागदांवर अवलंबून राहतो.

अर्जाची धारिका तहसील कार्यालयातील ज्या शाखेत असते, तिला बोलीभाषेत ‘संजय गांधी शाखा’ म्हणतात. अर्ज व त्याची पोच, वयाचा व रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याचा (२०२४ पासून पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’) चौकशी अहवाल, कार्यालयीन छाननीची टिप्पणी, तालुकास्तरीय समितीसमोर ठेवलेली यादी, बैठकीचे इतिवृत्त आणि मंजुरी किंवा नामंजुरीचा आदेश असा या धारिकेचा साधारण क्रम असतो. नामंजुरीचा आदेश एका ओळीचा असला, तरी त्यामागील चौकशी अहवालात मुलाच्या नोकरीची, शेतजमिनीची किंवा स्वतंत्र शिधापत्रिका नसल्याची नोंद सापडू शकते. ती चुकीची असेल तर अर्जदाराला पुरावा देऊन फेरविचार मागता येतो. नोंद पाहिलीच नसेल, तर तो तेच कागद पुन्हा पुन्हा जोडत राहतो.

अनुदान मंजूर असूनही खात्यावर जमा न होणे ही याहून वेगळी अडचण आहे. पूर्वी प्रदान यादी तहसील कार्यालयातून बँकेकडे जात असे आणि विलंब कोठे झाला हे जावक नोंदवहीवरून शोधता येत असे. आता रक्कम थेट लाभ हस्तांतरण प्रणालीतून आधार संलग्न खात्यावर जमा होते. व्यवहार परत येण्याचे कारण संगणक प्रणालीतील नोंदीत असते. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील नोंद हाही कायद्याच्या व्याख्येनुसार अभिलेखच असल्याने तिची छापील प्रत मागता येते.

दरवर्षी होणाऱ्या हयातीच्या पडताळणीत लाभार्थी गैरहजर राहिल्यास किंवा चुकून मृत दाखविला गेल्यास अनुदान थांबते. अशा वेळी पडताळणीची यादी व त्यावरील शेरा हे मागावयाचे मुख्य कागद असतात.

शिधावाटप, पूर व रोजगार

शिधावाटपाच्या बाबतीत नागरिकाची स्थिती अधिक बळकट आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम २७ नुसार सार्वजनिक वितरण व्यवस्थेचे अभिलेख सार्वजनिक ठेवणे व जनतेला पाहण्यासाठी खुले ठेवणे बंधनकारक आहे. कलम २८ सामाजिक अंकेक्षणाची, तर कलम २९ दक्षता समित्यांची तरतूद करते. दुकानाला मिळालेला कोटा, साठा नोंदवही, विक्रीची नोंद आणि दक्षता समितीचे इतिवृत्त हे त्यातील नेहमीचे अभिलेख होत.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व वारणा नद्यांच्या महापुराने सांगली शहरासह मिरज, पलूस, वाळवा व शिराळा तालुक्यांतील गावे पाण्याखाली गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला आणि पाटण तालुक्यात भूस्खलनाने जीवितहानी झाली. पूरग्रस्त कुटुंबांना सानुग्रह अनुदान व घर, पीक, जनावरे यांच्या हानीबद्दल मदत देण्यात येते. या मदतीचा पाया म्हणजे पंचनामा. पाणी ओसरल्यावर थोड्या दिवसांत हजारो पंचनामे होतात. घर पूर्ण पडले की अंशतः, घरात भाडेकरू होता की मालक, यांबाबतच्या एका शब्दावर रक्कम बदलते. पंचनाम्याची प्रत, बाधितांची यादी आणि प्रदान यादी या तीन कागदांची एकमेकांशी तुलना केली, तर नाव कोणत्या टप्प्यावर गळाले हे समजते.

रोजगार हमीच्या कामांत हजेरीपट, मोजमाप पुस्तिका, जॉबकार्डाची नोंद व काम मागणीच्या अर्जाची पोच महत्त्वाची असते. शेवटची पोच नसेल तर बेकारी भत्त्याचा दावा उभाच राहत नाही. दुष्काळात पूर्वेकडील तालुक्यांत उघडल्या जाणाऱ्या चारा छावण्यांच्या जनावर नोंदवह्या व देयकेही महसूल अभिलेखातच मोडतात.

अर्जाची पद्धत

महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात करतात. शुल्क १० रुपये असून ते साधारणपणे कोर्ट फी स्टॅम्पच्या रूपाने भरले जाते. प्रतींसाठी प्रतिपान २ रुपये आकारले जातात. अभिलेखांच्या अवलोकनास पहिल्या तासाला शुल्क नाही. त्यानंतर दर १५ मिनिटांना ५ रुपये पडतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क माफ आहे. लाभ योजनांच्या अर्जदारांपैकी अनेकांना ही सवलत लागू होते, परंतु त्यासाठी पुराव्याची प्रत जोडावी लागते. २०१२ च्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर सर्वसाधारणपणे १५० शब्दांहून अधिक नसावा. या बंधनावर टीका झाली आहे. मात्र कागदांची नावे घेऊन लिहिलेला अर्ज बहुधा या मर्यादेत बसतो.

माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही (कलम ६(२)). ज्याला लिहिता येत नाही अशा व्यक्तीची तोंडी विनंती लेखी स्वरूपात आणण्यास जन माहिती अधिकाऱ्याने साहाय्य केले पाहिजे, असे कलम ६(१) सांगते. जत तालुक्यातील कन्नडभाषक वृद्धांना ही तरतूद विशेष उपयोगी आहे, कारण अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत, म्हणजे येथे मराठीत, असावा लागतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो परत न करता पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे पाठविण्याची जबाबदारी कार्यालयाची आहे (कलम ६(३)).

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. जीवित वा स्वातंत्र्याशी निगडित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. मुदत उलटल्यास माहिती विनामूल्य द्यावी लागते (कलम ७(६)).

महाराष्ट्र शासनाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी काढलेल्या निर्णयानुसार जिल्हा पातळीवरील कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्था यांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख अवलोकनासाठी उपलब्ध करून देण्याची व्यवस्था आहे. प्रती मागण्यापूर्वी धारिका पाहून घेतल्यास अनावश्यक पानांचा खर्च वाचतो. शिवाय धारिकेत नेमके कोणते कागद आहेत हेही कळते, आणि नंतर एखादा कागद गहाळ झाल्यास ते दाखविता येते.

माहिती मिळविणे आणि सेवा मिळविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दाखला किंवा अधिसूचित सेवा वेळेत मिळाली नाही, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अपील करावे लागते. माहिती अधिकाराच्या अर्जाने अनुदान मंजूर होत नाही, हा फरक न कळल्याने अनेकांची निराशा होते.

अपील

तहसील कार्यालयात सामान्यतः नायब तहसीलदार हा जन माहिती अधिकारी व तहसीलदार हा प्रथम अपिलीय अधिकारी असतो. ग्रामपंचायतीसाठी ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) माहिती देतो आणि पहिले अपील पंचायत समितीतील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाते. पहिले अपील उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत ‘जोडपत्र ब’ मध्ये करावयाचे असते. ते ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाली निघाले पाहिजे. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे ‘जोडपत्र क’ मध्ये दुसरे अपील करता येते. सातारा व सांगली हे जिल्हे आयोगाच्या पुणे खंडपीठाच्या कक्षेत येतात.

माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर असते (कलम १९(५)). वाजवी कारणाशिवाय विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास आयोग प्रतिदिन २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती करू शकतो आणि अर्जदाराला झालेल्या हानीची भरपाई देण्याचाही आदेश देऊ शकतो. प्रत्यक्षात दुसऱ्या अपिलाची सुनावणी होण्यास बराच काळ लागतो. आयुक्तांच्या रिक्त पदांमुळे अपिले साचतात, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने अंजली भारद्वाज प्रकरणात फेब्रुवारी २०१९ मध्ये घेतली. त्या प्रकरणात महाराष्ट्राचाही समावेश होता. दरमहा दीड हजार रुपयांवर अवलंबून असलेल्या वृद्धाच्या दृष्टीने म्हणूनच पहिल्या अर्जाची अचूकता अधिक महत्त्वाची ठरते.

जुने अभिलेख व पुनर्वसन

राज्याच्या अभिलेख व्यवस्थेत कागद ‘अ’ (कायम), ‘ब’ (३० वर्षे), ‘क-१’ (१० वर्षे), ‘क’ (५ वर्षे) व ‘ड’ (१ वर्ष) या वर्गांत विभागले जातात. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आल्यास तो कागद कोणत्या वर्गातला होता आणि तो नष्ट केल्याची नोंद आहे काय, हे विचारता येते. मुदतीपूर्वी अभिलेख नष्ट करणे वा अनधिकृतपणे हलविणे हा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अन्वये अपराध आहे. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कोयना धरणग्रस्तांच्या बाबतीत हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पाटण व जावळी खोऱ्यांतील जमिनी १९५० व १९६० च्या दशकांत संपादित झाल्या, तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदा नव्हता. पहिला कायदा १९७६ मध्ये, त्यानंतरचे १९८६ व १९९९ मध्ये आले. विस्थापितांची वस्ती सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा अनेक जिल्ह्यांत विखुरली. त्यामुळे एका कुटुंबाचा भूसंपादन निवाडा एका जिल्ह्यात, तर जमीनवाटपाचा आदेश दुसऱ्या जिल्ह्यात असू शकतो. पर्यायी जमीन किंवा प्रकल्पग्रस्त दाखला मिळविण्यासाठी निवाडा, संकलन रजिस्टर, जुना सातबारा व फेरफार यांची साखळी जुळवावी लागते. वारणा नदीवरील चांदोली, तसेच धोम, कण्हेर, उरमोडी व तारळी या प्रकल्पांच्या बाधितांनाही हेच कागद लागतात. या मागण्यांसाठी श्रमिक मुक्ती दलाने भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली दीर्घकाळ आंदोलने केली आहेत.

जुना कागद शोधताना जिल्ह्यांचा इतिहास ठाऊक असावा लागतो. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले. सांगली, मिरज, जत आदी संस्थानांचे प्रदेश दक्षिण साताऱ्यात मिळविण्यात आले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. आटपाडीचा भाग औंध संस्थानात होता. त्यामुळे आज सांगली जिल्ह्यात असलेल्या गावाचा १९४९ पूर्वीचा कागद साताऱ्याच्या अभिलेखागारात किंवा संस्थानी दप्तरात असू शकतो. अर्जात केवळ आजचा तालुका लिहिल्यास शोध निष्फळ ठरण्याचा संभव असतो.

सहकारी संस्थांचा प्रश्न

या दोन जिल्ह्यांत पीककर्ज व कर्जमाफीसारखे लाभ विकास सोसायट्या व जिल्हा मध्यवर्ती बँकांमार्फत पोहोचतात. थलप्पलम सेवा सहकारी बँक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय दिला की, शासनाचे भरीव अर्थसाहाय्य वा नियंत्रण नसलेली सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. तथापि कायद्यान्वये निबंधकाला संस्थेकडून जी माहिती मागविता येते, ती कलम २(च) नुसार निबंधक कार्यालयामार्फत मागता येते. म्हणून अर्ज सोसायटीऐवजी तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे केला जातो.

वैयक्तिक माहितीची मर्यादा

इंग्लंड व अमेरिकेत स्वतःची धारिका मागणे आणि शासनाच्या कारभाराची माहिती मागणे यांसाठी वेगवेगळे कायदे आहेत. भारतात दोन्ही मागण्या आजवर मुख्यतः माहितीच्या अधिकाराच्या एकाच कायद्याखाली होत आल्या आहेत. स्वतःच्या धारिकेबाबत वैयक्तिक माहितीचा अपवाद सहसा आड येत नाही. ओळखीचा पुरावा पुरेसा असतो. वाद निर्माण होतो तो इतरांच्या लाभाची माहिती मागितली की.

कलम ८(१)(ञ) च्या मूळ शब्दरचनेत सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अवाजवी आक्रमण करणारी वैयक्तिक माहितीच नाकारता येत असे. व्यापक लोकहित असल्यास तीही देता येई. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने हे कलम बदलून ‘वैयक्तिक माहिती’ एवढाच अपवाद ठेवला आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला. कलम ८(२) मधील लोकहिताची तरतूद मात्र कायम आहे. लाभार्थ्यांचा तपशील प्रसिद्ध करण्यास सांगणारे कलम ४(१)(ख) देखील बदललेले नाही. एकाच कायद्यातील एक कलम यादी लावण्यास सांगते आणि दुसरे ती नाकारण्यास वाव देते, अशी ही स्थिती आहे.

आधार क्रमांक, बँक खाते किंवा आजाराचे नाव उघड करण्यास लोकहिताचे कारण क्वचितच असते. आधार क्रमांक सार्वजनिकपणे प्रदर्शित करण्यास २०१६ च्या आधार कायद्यानेही मनाई केली आहे. असा मजकूर झाकून उर्वरित कागद देण्याची सोय कलम १० मध्ये आहे. लाभार्थ्याचे नाव, गाव, योजना व रक्कम यांबाबत मात्र मतभेद आहेत. मृत व्यक्तीच्या नावे चालू राहिलेले अनुदान किंवा पूरग्रस्त यादीतील बोगस नावे गावकऱ्यांना नावावरूनच ओळखता येतात. नावे काढून दिलेल्या यादीतून फक्त एकूण संख्या उरते. दुसरीकडे, परित्यक्ता किंवा दुर्धर आजाराची रुग्ण म्हणून अनुदान घेणाऱ्या स्त्रीचे नाव तिच्या लाभाच्या कारणासह ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणे तिला अवघड स्थितीत टाकू शकते. अशा मागणीत लोकहित व खासगीपणा यांचे वजन प्रथम जन माहिती अधिकाऱ्याला आणि अपिलात पुणे खंडपीठाला प्रत्येक प्रकरणात स्वतंत्रपणे करावे लागते.